चेहरा, चारित्र्य आणि नोंदवही : ‘गुन्हेगार जमाती’विषयक वसाहतकालीन धोरणाचा एक अभ्यास

प्रस्तावना

माणसाच्या बाह्य रूपावरून त्याचे अंतरंग ओळखता येते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञान, साहित्य, वैद्यक आणि न्याय या चारही क्षेत्रांत प्राचीन काळापासून विचारला गेला आहे. मराठी लोकव्यवहारात त्याला दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच वेळी दिली जातात. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ असे बजावणारा माणूसच एखाद्या अनोळखी इसमाविषयी ‘हा चेहऱ्यावरूनच लबाड वाटतो’ असा अभिप्राय सहज देऊन जातो. दोन व्यक्तींच्या व्यवहारात हा अंतर्विरोध फारसा बाधक ठरत नाही. परिचय वाढला की पहिला ग्रह बदलतो. परंतु राज्यसंस्था असा ग्रह करून घेते आणि त्याला कायद्याचे रूप देते, तेव्हा तो बदलण्याची वाट बंद होते. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानातील ‘गुन्हेगार जमाती’विषयक धोरण हे या प्रश्नाचे एक मोठे ऐतिहासिक उदाहरण आहे. शरीराची मोजमापे घेऊन स्वभाव ठरवू पाहणाऱ्या युरोपीय शास्त्रांचा या धोरणावर प्रभाव होता, असे सामान्यतः मानले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु ते संपूर्ण सत्य नव्हे. ज्या ज्या वेळी प्रत्यक्ष मोजमापे झाली, त्या त्या वेळी शरीराने चारित्र्याविषयी साक्ष देण्याचे नाकारले. तरीही ग्रह टिकला, कारण जे शरीरावर सापडले नाही ते शासनाने नोंदवहीत लिहून ठेवले, ही गोष्ट पुढील विवेचनातून स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

१. लक्षणांची परंपरा

शरीरावरील खुणांवरून माणसाविषयी अनुमान काढण्याची परंपरा भारतात जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पुरुषांच्या व स्त्रियांच्या लक्षणांविषयी स्वतंत्र अध्याय आहेत. बौद्ध वाङ्मयात महापुरुषाची बत्तीस लक्षणे सांगितली आहेत. सामुद्रिकशास्त्र या नावाने ही विद्या पुढेही चालत राहिली. तथापि या परंपरेचा भर मुख्यतः भाग्यावर आहे. राज्ययोग, आयुष्य, संतती, संपत्ती हे तिचे विषय होत. स्वभावाविषयीची विधाने तिच्यात येतात, पण एखाद्या समाजाला दंड करण्याचा आधार म्हणून तिचा वापर झालेला दिसत नाही.

न्यायदानाच्या संदर्भात या विश्वासाचे उत्तम चित्र शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या नवव्या अंकात आढळते. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे हे नाटक मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. वसंतसेनेच्या खुनाचा आरोप चारुदत्तावर येतो. त्याचे उंच नाक आणि विशाल नेत्र पाहून न्यायाधीशास वाटते की, अशी आकृती असलेला माणूस असे कृत्य करणार नाही. पुढे मैत्रेयाजवळचे दागिने न्यायसभेतच खाली पडतात आणि पुरावा चारुदत्ताच्या विरुद्ध जातो. न्यायाधीशाचा पहिला ग्रह खरा होता आणि पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. पण येथे एक प्रश्न उरतो. न्यायाधीशाचा तो अनुकूल ग्रह एका सुस्वरूप, कुलीन, नगरात नावाजलेल्या पुरुषाच्या वाट्याला आला. ज्याचे नाक उंच नाही आणि ज्याला नगरात कोणी ओळखत नाही, अशा आरोपीकडे त्याच आसनावरून कसे पाहिले गेले असते?

याच्या विरुद्ध बाजूची परंपराही आपल्याकडे तितकीच दृढ आहे. आठ ठिकाणी वाकड्या असलेल्या अष्टावक्राची कथा लोकप्रचलित आहे. वारकरी संतांपैकी चोखामेळा यांनी वाकड्या उसाची प्रतिमा ज्या अर्थाने योजली, तो अर्थ मराठी वाचकास सांगण्याची गरज नाही. जन्मावरून आणि रूपावरून ज्यांना मंदिराबाहेर उभे राहावे लागले, त्यांच्याकडूनच हा आक्षेप इतक्या स्पष्टपणे यावा, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२. युरोपातील मुखसामुद्रिक व त्यावरील आक्षेप

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झुरिकचे धर्मोपदेशक योहान कास्पर लाव्हाटर यांनी १७७५ ते १७७८ या काळात मुखसामुद्रिकावर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या स्थिर ठेवणीवरून माणसाचे नैतिक चारित्र्य वाचता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुशिक्षित युरोपात हा ग्रंथ विलक्षण गाजला.

गटिंगेन विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग यांनी १७७८ मध्ये या मताचा समाचार घेतला. ते स्वतः पाठीला कुबड असलेले होते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. भावनांच्या क्षणिक अभिव्यक्तीचा अभ्यास होऊ शकतो, परंतु हाडांच्या ठेवणीवरून सद्गुण-दुर्गुण ठरवता येत नाहीत, असा भेद त्यांनी केला. रोग, हवामान, पोषण, अपघात, श्रम यांचा शरीरावर परिणाम होतो. म्हणून चेहऱ्यावर जे दिसते ते पुष्कळदा माणसाने काय केले याचे नसून त्याच्यावर काय गुदरले याचे चिन्ह असते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हे शास्त्र लाव्हाटर यांना अपेक्षित असलेल्या पूर्णत्वाला पोहोचले, तर मुलांनी फाशीयोग्य गुन्हा करण्याआधीच त्यांना फाशी द्यावी लागेल, असे त्यांनी उपरोधाने म्हटले होते. पुढील शतकात हिंदुस्थानात जे घडले ते पाहता या उपरोधाचे गांभीर्य लक्षात येते.

३. मोजमापांची साक्ष

एकोणिसाव्या शतकात मुखसामुद्रिकाची जागा कवटीच्या उंचवट्यांवरून मनोवृत्ती ठरवणाऱ्या फ्रेनॉलॉजीने घेतली. १८२५ मध्ये कलकत्त्यास या विद्येला वाहिलेली संस्था स्थापन झाली. ठगांविरुद्धची मोहीम चालू असताना सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या डॉ. हेन्री स्प्राय यांनी एडिंबरोस पाठविल्या. रॉबर्ट कॉक्स यांनी त्यांचे परीक्षण करून १८३४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कवट्यांत ‘विध्वंसवृत्ती’चे स्थान असाधारण मोठे असणार, अशी अपेक्षा होती. तसे आढळले नाही. तेव्हा ठगांच्या कृत्यांचे कारण त्यांच्या संस्कारांत, संगतीत आणि अंधश्रद्धेत शोधावे लागले. येथे सिद्धान्त सोडला गेला नाही. त्याला केवळ एक पुस्ती जोडली गेली.

पुढील टप्पा चेझारे लोंब्रोसो यांचा. ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडणारा त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये इटलीत प्रसिद्ध झाला. गुन्हेगार हा उत्क्रांतीच्या मागील पायरीवर राहिलेला मनुष्य असून जबडा, कपाळ, कान यांवरून तो ओळखता येतो, असे त्यांचे मत होते. या मताची संख्याशास्त्रीय तपासणी इंग्लंडमधील तुरुंगांचे वैद्यकीय अधिकारी चार्ल्स गोरिंग यांनी केली. सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेऊन त्यांनी ती विद्यापीठातील विद्यार्थी, सैनिक आदी इतर समूहांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कैद्यांची उंची व वजन काहीसे कमी आढळले. परंतु ‘गुन्हेगारी शरीर’ असा वेगळा नमुना अस्तित्वात नाही, असे त्यांनी दाखविले.

त्याआधी फ्रान्सिस गाल्टन यांनी केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गुन्ह्यांच्या प्रकारानुसार कैद्यांची छायाचित्रे घेऊन ती एकाच काचेवर एकावर एक उतरविली. प्रत्येक चेहऱ्यातील वैयक्तिक भाग पुसला जाऊन त्या त्या गुन्ह्याचा ‘मूळ चेहरा’ उमटेल, अशी त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात जो चेहरा उमटला तो मूळ छायाचित्रांपेक्षा अधिक नीटस व सर्वसामान्य होता. गुन्हेगारीची खूण म्हणून जे शोधले जात होते ते एकत्रीकरणात नाहीसे झाले आणि सर्वांत समान असलेला माणूस तेवढा शिल्लक राहिला. गाल्टन यांनी हे प्रामाणिकपणे नमूद केले; वंशसुधारणेवरील त्यांचा विश्वास मात्र कायम राहिला.

४. नाकाची रुंदी आणि जातीची उंची

हिंदुस्थानात मानवमितीचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग हर्बर्ट रिस्ले यांनी केला. १८८० च्या दशकात बंगालमधील जातींची पाहणी करताना त्यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण, म्हणजे नासिकांक, हे मुख्य परिमाण मानले. नाक जितके रुंद तितके जातीचे सामाजिक स्थान खालचे, असा नियम त्यांनी मांडला. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथातही हा विचार आला आहे. ‘मृच्छकटिका’तील न्यायाधीशाचा भाबडा ग्रह येथे कोष्टकांच्या भाषेत बोलू लागला, असे म्हणता येईल.

या नियमाची पहिली भक्कम चिकित्सा मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये केली. उत्तर हिंदुस्थानचा एक भाग वगळता अन्य भाषिक प्रदेशांत शारीरिक लक्षणांची उतरंड आणि जातींच्या सामाजिक प्रतिष्ठेची उतरंड जुळत नाही, असे त्यांनी मोजमापांच्याच आधारे दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्ये यांची आकडेवारी वापरून पुढचे पाऊल टाकले. मानवमिती हे शास्त्र मानायचे असेल, तर ब्राह्मण व अस्पृश्य हे एकाच वंशाचे आहेत असेच त्यातून सिद्ध होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिपक्षाचेच साधन हाती घेऊन त्याचाच निष्कर्ष खोडून काढण्याचा हा प्रकार पद्धतीच्या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

५. १८७१ चा कायदा : दिसणे आणि असणे

आतापर्यंतच्या विवेचनातून असे दिसते की, शरीराने चारित्र्याची साक्ष द्यावी ही अपेक्षा मोजमापांनी वारंवार फोल ठरविली. मग गुन्हेगार जमातींचा कायदा कोणत्या आधारावर उभा होता? पुष्कळदा त्याचे श्रेय वा दोष लोंब्रोसो यांना दिला जातो. कालक्रम मात्र याला पुष्टी देत नाही. हा कायदा १८७१ मध्ये झाला. लोंब्रोसो यांचा ग्रंथ त्यानंतर पाच वर्षांनी आला. कायद्याच्या समर्थकांचा आधार शरीर हा नसून जात हा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याचप्रमाणे काही जमातींत गुन्हा हाच वंशपरंपरागत व्यवसाय असणार, असे अनुमान काढण्यात आले.

या कायद्यातील तीन बाबी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब म्हणजे एखादी जमात गुन्हेगार म्हणून घोषित झाल्यावर त्या घोषणेच्या वैधतेविषयी न्यायालयात प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. दुसरी बाब, घोषणेपूर्वी पाठवावयाच्या अहवालात त्या जमातीचा उघड व्यवसाय हा खरा आहे की गुन्हे करणे सोपे जावे म्हणून घेतलेले सोंग आहे, याविषयी मत नोंदविणे अपेक्षित होते. म्हणजे बाह्य आचरण संशयास्पद असेल तर तो पुरावा ठरे आणि ते निर्दोष असेल तर ते सोंग ठरण्याची शक्यता राही. कोणत्याही प्रकारे दिसले तरी संशयातून सुटका नाही, अशी ही रचना होती.

तिसरी बाब कायद्याच्या दुसऱ्या भागातील आहे. त्यात तृतीयपंथीयांच्या नोंदीची तरतूद होती आणि नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश वा स्त्रियांचे अलंकार धारण करून वावरणे हाच गुन्हा ठरविला होता. येथे वेश हे गुन्ह्याचे लक्षणही राहिले नाही; वेशच गुन्हा झाला. बाह्य रूपाचा आणि अंतरंगाचा संबंध शोधण्याचे श्रमसुद्धा येथे अनावश्यक ठरले.

नोंदलेल्या व्यक्तीस ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे आणि गावाबाहेर जाण्यासाठी परवाना घ्यावा लागे. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींतील चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून सुधारगृहसदृश वसाहतीत ठेवण्याची मुभा शासनाला मिळाली. लिख्टेनबर्ग यांनी उपरोधाने वर्तविलेली शक्यता फाशीच्या रूपाने नव्हे, पण कायद्याच्या सौम्य भाषेत खरी ठरली : गुन्हा घडण्यापूर्वीच बालकाला त्याचे भवितव्य नेमून देण्यात आले.

६. मुंबई इलाखा : वर्णन आणि वेशांतर

१९११ मध्ये हा कायदा नव्याने करण्यात आला आणि मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात तो लागू करण्याची तरतूद झाली. त्यापूर्वी, १९०८ मध्ये, मुंबई इलाख्यातील वरिष्ठ पोलीस अधिकारी एम. केनेडी यांनी इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’विषयी एक माहितीपर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. भामटा, बेरड, कैकाडी, मांग गारुडी, रामोशी, छप्परबंद इत्यादी समाजांची माहिती त्यात संकलित आहे. प्रत्येक समाजाचे रूप, पोशाख, बोली, राहणी आणि गुन्ह्याची पद्धत अशा क्रमाने ही वर्णने येतात.

या ग्रंथाच्या मांडणीतच एक विसंगती आहे. एकीकडे समाजाचे बाह्य रूप ओळखीसाठी दिले आहे, तर दुसरीकडे त्याच समाजाचे लोक कोणकोणती वेशांतरे करतात याचीही माहिती आहे. छप्परबंद फकिराच्या वेशात फिरतात. भामटे सभ्य प्रवाशासारखे दिसतात. सभ्य प्रवाशासारखा दिसणारा माणूस भामटा असू शकत असेल, तर रूप हे ओळखीचे साधन राहत नाही. प्रत्यक्ष व्यवहारात या वर्णनांचा उपयोग व्यक्तीचे चारित्र्य ओळखण्यापेक्षा तिची जात ओळखण्यासाठीच होऊ शकत होता. जात ओळखली की चारित्र्य आधीच लिहून ठेवलेले होते.

एकाच समाजाकडे पाहण्याची दृष्टी राज्यव्यवस्थेनुसार कशी बदलते, हे रामोशी समाजाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. गावाची व किल्ल्यांची राखण हे या समाजाचे परंपरागत काम होते. उमाजी नाईक यांनी इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव केला आणि १८३२ मध्ये पुण्यास त्यांना फाशी देण्यात आली. राखणदार, बंडखोर आणि गुन्हेगार या तीन ओळखी शंभर वर्षांच्या आत एकाच समाजाला चिकटल्या. या काळात त्यांचे चेहरे बदलले नव्हते. जमिनीशी, वतनाशी आणि सत्तेशी असलेले त्यांचे नाते बदलले होते. रस्ते व रेल्वे आल्यावर बैलांवरून मीठ-धान्याची ने-आण करणाऱ्या लमाण-बंजारा समाजाचा व्यवसाय बुडाला, जंगल कायद्यांनी पारध्यांची शिकार बेकायदा ठरली. उपजीविकेचे हे तुटलेले धागे गुन्हेगारीच्या चर्चेत मात्र गौण मानले गेले.

सोलापूर, विजापूर, हुबळी येथे या जमातींसाठी वसाहती उभारण्यात आल्या. सोलापूरच्या वसाहतीतील लोकांना कापडगिरण्यांत काम देण्यात आले. काम, शाळा आणि औषधोपचार यांची काही सोय तेथे झाली, हे मान्य करावयास हवे. परंतु ती सर्व तारेच्या कुंपणाआड आणि हजेरीच्या शिस्तीत होती. त्या कुंपणाने एक नवीनच बाह्य लक्षण निर्माण केले. ‘सेटलमेंट’चा पत्ता सांगणाऱ्या माणसाचा चेहरा पाहण्याची गरज उरली नाही. शरीरावर जी खूण सापडली नव्हती ती अशा रीतीने समाजजीवनात तयार करण्यात आली. भाषेतही तिचा ठसा उमटला : ‘भामटा’ हे एका समाजाचे नाव मराठीत लबाड माणसासाठी सर्रास वापरले जाते आणि ते वापरताना आपण कोणाचे नाव घेतो आहोत, याचे भान सुशिक्षितांनाही क्वचितच असते.

७. बोटांचे ठसे : ‘कोण’ आणि ‘कसा’

याच काळात हिंदुस्थानात एक असे तंत्र विकसित झाले की, ज्याने शरीर नेमके काय सांगू शकते याची मर्यादा स्पष्ट केली. १८५८ मध्ये बंगालमधील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर घेतला. पुढे बोटांच्या ठशांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. दरम्यान पॅरिसचे आल्फोन्स बर्तियाँ यांनी १८८० च्या दशकात शरीराच्या अकरा मोजमापांवरून सराईत कैद्याची ओळख पटविण्याची पद्धत रूढ केली. ती बंगालमध्येही आली. पण मोजणाऱ्याच्या हातानुसार मापे बदलत. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी ठशांच्या वर्गीकरणाकडे लक्ष वळविले आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रांचे कार्यालय सुरू झाले. १,०२४ कप्प्यांच्या या वर्गीकरणामागील गणिती काम मुख्यतः अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या हिंदी पोलीस कर्मचाऱ्यांचे होते, तरी ही पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. १९०१ मध्ये लंडनच्या पोलीस खात्याने ती स्वीकारली.

गाल्टन यांनी बोटांच्या ठशांतही वंश आणि बुद्धी यांची चिन्हे शोधली होती. निरनिराळ्या वंशांचे लोक, विद्यार्थी, शेतमजूर, मतिमंद अशा विविध समूहांचे ठसे त्यांनी ताडून पाहिले. त्यांत उपयोगी पडेल असा भेद न आढळल्याने आपली अपेक्षा फोल ठरल्याचे त्यांनी १८९२ च्या ग्रंथात नमूद केले.

या निष्कर्षाचा अर्थ महत्त्वाचा आहे. बोटाचा ठसा माणूस ‘कोण’ आहे हे सांगतो. तो ‘कसा’ आहे हे सांगत नाही. ओळख आणि चारित्र्य या दोन भिन्न गोष्टी होत. शरीराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमकेपणाने दिले आणि दुसऱ्याबाबत ते मूक राहिले. परंतु १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या जमातींतील व्यक्तींचे ठसे घेण्याचा अधिकार दिला, तेव्हा हे दोन्ही प्रश्न पुन्हा एकत्र झाले. ठसा निर्विवाद होता. ज्या वहीत तो उमटविला गेला तिचे शीर्षक वादग्रस्त होते. ठशाच्या अचूकतेची प्रतिष्ठा शीर्षकालाही लाभली.

८. विमुक्तीनंतर

केंद्र शासनाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. ज्या समाजांना त्यातून मुक्ती मिळाली ते विमुक्त म्हणून ओळखले जाऊ लागले आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या सूचीत १४ जातींचा समावेश आहे. तथापि १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियमासारख्या कायद्यांनी नोंदवहीची परंपरा वेगळ्या रूपात चालू ठेवली. या कायद्यांत जमातीऐवजी व्यक्ती हा घटक आहे, हा तात्त्विक फरक मोठा आहे. परंतु गावात चोरी झाली की पोलीस कोणत्या वस्तीवर प्रथम जातात, या प्रश्नाचे उत्तर केवळ कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

ते मराठी साहित्यात सापडते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने अनुक्रमे १९८१ आणि १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविली गेली. या ग्रंथांचे वाङ्मयीन मूल्य सर्वमान्य आहे. इतिहासाची साधने म्हणूनही त्यांचे मोल मोठे आहे. केनेडी यांच्या ग्रंथात जे समाज बाहेरून पाहिले गेले, त्यांचे अंतरंग प्रथमच त्यांच्याच शब्दांत वाचकांसमोर आले. बाह्य रूपावरून अंतरंगाचा अंदाज बांधण्याची गरज का पडते, याचे उत्तर येथे मिळते : ज्याला बोलू दिले जात नाही, त्याचा चेहरा वाचावा लागतो.

प्रश्न मात्र संपलेला नाही. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी व लक्ष्मण गायकवाड यांच्या पुढाकाराने विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट स्थापन झाला. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणी दिलेल्या निकालात, तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरविले आणि विमुक्त जमातींकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदींवरही कठोर टीका केली. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी हे सांगावे लागले, यावरून नोंदवहीतील शेऱ्याचे आयुष्य किती दीर्घ असते याची कल्पना येते.

दुसरीकडे जुने शास्त्र नव्या साधनांनिशी परतत आहे. २०१६ मध्ये चीनमधील दोन संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने छायाचित्रावरून गुन्हेगार ओळखता येतो, असा दावा केला आणि त्यावर तीव्र आक्षेप घेण्यात आले. भारतात २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बुबुळाचे व दृष्टिपटलाचे ठसे, सही, हस्ताक्षर इत्यादी नोंदी घेण्याची आणि त्या पंचाहत्तर वर्षे जतन करण्याची तरतूद केली आहे. ओळख पटविण्यासाठी अशा साधनांची गरज असू शकते. परंतु या नोंदी कोणाच्या, कोणत्या वस्तीतून अधिक प्रमाणात गोळा होतील, हा प्रश्न तंत्राचा नसून इतिहासाचा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) शरीराच्या ठेवणीवरून चारित्र्य ठरविता येते, या मताला कवट्यांच्या परीक्षणापासून नासिकांकापर्यंतच्या कोणत्याही मोजमापाने टिकाऊ आधार दिला नाही.

२) १८७१ चा कायदा शारीरिक लक्षणांच्या शास्त्रातून जन्मला नाही, जातीचा व्यवसाय वंशपरंपरेने चालतो, या अनुमानातून तो जन्मला. शरीराच्या शास्त्राने त्याला नंतर प्रतिष्ठा दिली.

३) शरीरावर न सापडलेले चिन्ह नोंदवही, परवाना, हजेरी आणि वसाहत यांद्वारे तयार करण्यात आले आणि पुढे तेच पुरावा म्हणून वाचले गेले.

४) ओळख आणि चारित्र्य यांतील भेद पुसला गेला की, अचूक साधनही अन्यायाचे साधन होऊ शकते.

चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याची सवय मनुष्यस्वभावातून जाणारी नाही. अनोळखी चेहऱ्याविषयी माणसाचे मत एका सेकंदाच्या दहाव्या भागात बनते, असे २००६ मधील एका मानसशास्त्रीय प्रयोगात दिसून आले आहे. मत बनणे टाळता येत नसेल. त्याला कागदावर उतरविणे टाळता येते. महाविद्यालयीन शिक्षकाच्या हातीही हजेरीपट असतो, प्रवेश-मुलाखतीत शेरा लिहिण्याचा अधिकार असतो आणि वर्गात पहिल्या दिवशी समोर बसलेले अनोळखी चेहरे असतात. त्यांपैकी एखादा विद्यार्थी अशा घरातून आलेला असतो की, त्याच्या आजोबांचे नाव दुसऱ्याच एका हजेरीपटावर होते. त्या विद्यार्थ्याविषयीचे पहिले मत काहीही असो, तो स्वतः बोलेपर्यंत ते लिहून न ठेवणे, एवढे आपल्या हाती निश्चितच आहे.